महिना वीस तारखेलाच संपतो, मग ताटातलं नेमकं काय कमी करायचं?

पत्र सोलापूरच्या साखर पेठेतून आलंय, थोडं आवरून देते:

"ताई नमस्कार. आमचे मालक (नवरा) टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, पगार आठवड्याला. मी घरी युनिफॉर्मच्या शर्टाला काज-बटण करते. घरात सासूबाई आहेत, त्यांना शुगर. मुलगा तिसरीत, मुलगी चार वर्षांची. किराणा, भाजी, दूध सगळं मिळून ६५०० च्या वर जाता येत नाही पण २० तारखेला डबे रिकामे होतात. दुकानाची उधारी २८०० झालीय. मुलं रोज दहाचं खाऊचं पाकीट मागतात, मुलगा शाळेतली खिचडी खात नाही म्हणून डब्यात बिस्किटं देते. शेजारीण म्हणते मुलांना बदाम आणि दुधातली पावडर दे, मला परवडत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. डाळ पुरत नाही म्हणून रात्री मी भाकरी-चटणीवर भागवते, हल्ली चक्कर येते. रेशन प्राधान्यचं आहे, पण कार्डावर माझं आणि मुलीचं नाव नाही. त्यात गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, नणंद तिच्या पोरांना घेऊन चार दिवस येणार. कसं बसवू?"

ताई, तुम्ही उधारी, पाकीट, बदाम सगळं सविस्तर लिहिलंय आणि रात्री भाकरी-चटणीवर भागवते, चक्कर येते हे मात्र एका ओळीत उरकलंय. मी तिथूनच सुरू करणार आहे, कारण तुमच्या घरचं बजेट सध्या तुमच्या ताटातून कापलं जातंय आणि ते आधी थांबायला पाहिजे. बाकीचा हिशोब त्याच्यानंतर.

या आठवड्यात सिव्हिलला नाहीतर जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्या. चक्कर कशानेही येते, पण दिवसभर मान खाली घालून काज-बटण करणाऱ्या आणि रात्री डाळ न खाणाऱ्या बाईचं रक्त कमी असायची शक्यता भरपूर असते. रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, त्या घ्यायच्या, पोटात मळमळतं म्हणून चार दिवसात सोडून द्यायच्या नाहीत, तिथल्या सिस्टरला विचारून वेळ बदलायची. जेवणावर लगेच चहा प्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, त्या चहाने जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, तर जेवण आणि चहा यात तासभर तरी जाऊ द्या. आणि पालेभाजीवर, मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा, त्याने उलटं होतं, लोह जास्त लागतं. भाजी लोखंडी कढईत केलीत तर अजून चांगलं.

आणि वाढायची पद्धत बदला. आमटी झाली की पाच वाट्या एकदम भरून ठेवायच्या, पाचवी तुमची, तिला कुणी हात लावायचा नाही. कुणाला जास्त पाहिजे असेल तर भाकरी वाढेल, कांदा मिळेल, पण ती वाटी नाही. घरात पहिल्यांदा थोडं विचित्र वाटेल, चालू द्या.

आता डाळ का पुरत नाही ते बघू. तुम्ही पत्रासोबतच्या यादीत महिन्याला तीन किलो तूरडाळ लिहिलीय आणि कडधान्य "असलं तर". पाच माणसांना दिवसाला पावशेर डाळ-कडधान्य धरा, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. आकडा ऐकून घाबरू नका, सगळी तूर घ्यायची नाहीये. तूर दोन किलो, मसूर दीड, हरभरा डाळ एक, मटकी एक, हुलगे म्हणजे कुळीथ एक, आणि चवळी नाहीतर हरभरे एक. तुरीत निम्मी मसूर घालून शिजवली तर आमटीला कुणाला कळत पण नाही आणि गॅस कमी लागतो. हुलगे म्हणजे तर आपल्याकडचं सोनं आहे, तूरडाळीइतकंच प्रोटीन, शंभर ग्रॅमला २२ च्या आसपास, आणि हल्लीच्या पोरींनी करायचंच सोडून दिलंय. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मोड आणून उसळ, आणि उसळीचं पाणी फेकायचं नाही, त्याला लसणाची फोडणी दिली की दुसऱ्या वेळेची आमटी झाली. मोड आलेल्या कडधान्यात सी जीवनसत्व वाढतं आणि लोहही जास्त लागतं. भिजत घालायचं तेवढं रात्री झोपताना लक्षात ठेवा, न भिजवता कुकरला लावलं तर सगळी बचत गॅसमध्ये जाते.

आता बदाम. शेजारणीचा हेतू चांगला असेल, पण तुम्ही वाईट वाटून घ्यावं असं यात काहीच नाही. शंभर ग्रॅम बदामात २१ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५. सोलापुरात राहून शेंगा चटणी खाणारं पोर बदामावाचून मागे राहत नाही हो. महिन्याला तीन किलो शेंगदाणे यादीत घाला, त्यातले किलोभर चटणीला. तयार चटणी विकत घेऊ नका, घरी तेवढ्याच पैशात दुप्पट तरी होते, शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, साल काढायचं, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात नाहीतर खलबत्त्यात कुटायची, मिक्सरला लावलीच तर थांबून थांबून, त्याशिवाय तिला ते तेल सुटत नाही. पोरांना मात्र कमी तिखटाची वेगळी काढून ठेवा, नाहीतर ती बोटाला लावून सोडून देतात. आणि दुधातली पावडर घ्यायचीच नाही. डब्याच्या मागे घटक लिहिलेले असतात, तिथे साखर कितवी येते ते एकदा दुकानात उभं राहून वाचा. त्या डब्याच्या पैशात भाजके हरभरे आणि शेंगदाणे बरेच दिवस पुरतील.

पाकिटाचा हिशोब मी तुमच्याच आकड्यावर केला. दोन पोरं, रोज दहाचं एकेक, दिवसाला २०, महिन्याला ६००. तुमच्या ६५०० मधले ६००, आणि हे किराणा म्हणून कुठे लिहिलेलं पण नसतं, हातातल्या सुट्ट्यातून जातं म्हणून दिसत नाही. एवढ्यात अंड्याचे दोन ट्रे येतात, म्हणजे साठ अंडी. तुमच्याकडे अंडी खातात असं पत्राच्या शेवटी लिहिलंय म्हणून सांगते, पोरांना रोज एकेक उकडलेलं अंडं आणि पाकीट फक्त रविवारी, असं ठरवून टाका. एकदम बंद केलंत तर आजीकडून पैसे निघतील, सगळ्या घरात निघतात, म्हणून सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. संध्याकाळी पोरांना भूक लागते ती खरी असते, त्या वेळेला घरात काहीतरी पाहिजेच, भडंग, भाजके शेंगदाणे-गूळ, दुपारच्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकून, नाहीतर धपाटं. डबा रिकामा असला की मगच दुकानाची आठवण होते.

शाळेतल्या खिचडीचं मला मनापासून सांगायचंय. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या जेवणातून दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं असा सरकारी नियम आहे आणि ते जेवण आठवीपर्यंत आहे. बिस्किटाच्या पुड्यात याच्यातलं काय मिळतं? मैदा आणि साखर. मुलगा का खात नाही ते आधी विचारा, चव आवडत नाही का वाढायला उशीर होतो का मित्र डबा आणतात म्हणून लाज वाटते, बहुतेक वेळा तिसरं कारण असतं. डब्यात बिस्किटाऐवजी खिचडीबरोबर जाईल असं द्या, थोडी शेंगा चटणी, काकडी, लिंबाचं लोणचं, मग तो खिचडी घेईल. खिचडी खरंच खराब असेल तर दोन-चार आयांनी मिळून शाळेत जाऊन बोला, एकटीने गेलं तर ऐकत नाहीत. मुलगी चार वर्षांची आहे म्हणजे तिला अंगणवाडीत गरम आहार मिळायला पाहिजे, तिचं नाव तिथे घातलंय का ते तुम्ही लिहिलंच नाही. नसेल तर उद्याच जा.

रेशनवर मी जरा जास्त लिहिते कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा पैसा तिथे अडकलाय. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट आहे, पुढे २०२४ च्या १ जानेवारीपासून अजून पाच वर्ष चालू ठेवायचं ठरलेलं आहे. तुमच्या कार्डावर तीन नावं, म्हणजे १५ किलो येतं. तुमचं आणि मुलीचं लागलं तर २५. महिन्याला १० किलो, वर्षाला १२० किलो धान्य तुम्ही विकत घेताय. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि नाव राहून गेलं, हे शहराच्या पूर्व भागात घरोघरी दिसतं, कुणाला वेळ नसतो, एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी जाते. पण हा एक दिवस घालवाच. तुमचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला, तुमचं आधार, मुलीचा जन्म दाखला आणि आधार, आणि असलेलं कार्ड, एवढं घेऊन अन्नधान्य वितरणच्या परिमंडळ कार्यालयात अर्ज द्या, ऑनलाइनपण होतो. माहेरचा दाखलाच सगळ्यात जास्त अडवतो, म्हणून आधी भावाला फोन करून तो काढायला सांगा. कार्डावर नाव लागणं आणि धान्य चालू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा, शिल्लक असेल तसं धान्याला नाव जोडतात, त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवा आणि दर महिन्याला विचारत राहा. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीय का तेही बघा, सासूबाईंच्या बोटाचे ठसे उमटत नसतील तर दुसरा काय पर्याय आहे ते दुकानदाराला विचारा, गप्प बसून राहू नका. दुकानदार माप कमी देत असेल तर पावती मागा, पावतीवर किलो लिहिलेले असतात, तरी ऐकत नसेल तर १९६७ ला फोन करा. आणि जवळच्या दुकानात त्रास होत असेल तर दुसऱ्या दुकानातूनपण धान्य उचलता येतं.

एक अजून. रेशनच्या तांदळात कधी काही दाणे वेगळे दिसले, जरा पिवळसर, पाण्यात हलके, तर बायका ते प्लॅस्टिकचे म्हणून निवडून टाकतात. ते प्लॅस्टिक नाही, लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे आहेत, तुमच्यासारखीला तेच पाहिजेत. तांदूळ फार चोळून धुवू नका आणि भाताचं पाणी काढून टाकू नका. रेशनच्या तांदळाचा भात नुसता आवडत नसेल तर थोडी उडीद डाळ घालून पीठ आंबवा, आप्पे, डोसे होतात, तुमच्या गल्लीतल्या तेलुगू शेजारणींना विचारा, त्यांच्या हातचं प्रमाण कधी चुकत नाही.

ज्वारीचं असं, किलोभर पिठात बारा-चौदा भाकरी होतात, तुमच्या घराला दिवसाला तेवढ्या लागतात, म्हणजे महिन्याला ३० किलो धान्य. पैकी १५ किलो गहू-तांदूळ रेशनचा आला की ज्वारी पंधरा किलोच घ्यायला लागते. मंगळवेढ्याची मालदांडी खायला भारी, तिला भौगोलिक मानांकन पण आहे, पण महिन्याच्या ओढाताणीत दुकानातून दोन-दोन किलो घेत बसलात तर ती महागच पडणार. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, सुगी फेब्रुवारी-मार्चची, त्याच्यानंतर नवा माल बाजारात येतो, तेव्हा दोघी-तिघी शेजारणी मिळून कट्टा घ्या आणि वाटून घ्या. बचत गटात असाल तर गटातून घ्या. चांगली दोन-तीन उन्हं दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवली की किडत नाही. तुरीचंही तसंच, जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर येते, दुधनी-अक्कलकोटकडे कुणी नातेवाईक असेल तर तिथून पाच किलो डाळ मागवायला लाजू नका. कांद्याला मात्र उलटा विचार करायचा. हिवाळ्यात आपल्या मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्याच्या गाड्या येतात, भाव पडतो आणि आपण खुशीत दहा किलो घेतो, तो कांदा टिकत नाही, कोंब येतात, सडतो. लाल कांदा आठवड्यापुरता घ्या. साठवायचा तो एप्रिल-मेचा उन्हाळी.

भाजीला रोज ६० रुपये धरलेत ते पुरतील, पण पातळ भाजी आणि पालेभाजीवर जोर द्यायला लागेल. लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उठायच्या वेळेला जुड्या निम्म्या भावात देतात, सुकल्यासारख्या दिसतात पण पाण्यात ठेवल्या की ताज्या होतात. अंबाडी, म्हणजे आपली पुंडी, चुका, तांदुळजा, शेपू, मेथी, हरभऱ्याचा पाला, जी स्वस्त असेल ती. पुंडीत तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटली की दोन्ही वेळचं भागतं. फ्लॉवर, ढोबळी, मटार महाग असताना घ्यायचाच नाही, पोरं काही त्याने बारीक होत नाहीत. मासे चालत असतील तर उजनी धरणातली चिलापी मटणाच्या मानाने किती स्वस्त पडते ते एकदा विचारून बघा, महिन्यातलं एक मटण कमी करून दोनदा चिलापी होईल.

तेल तीन किलो, त्याच्या वर नाही, तळण कमी केलं की पुरतं. चहा तुमच्याकडे दिवसातून चारदा होतो, तो दोनदा करा, दूध, साखर, पत्ती, गॅस चारही वाचतात, आणि वाचलेल्या दुधाचं दही लावा.

उधारीचं सांगते. पगार आठवड्याला येतो आणि तुम्ही हिशोब महिन्याचा करता म्हणून पहिल्या पंधरवड्यात खर्च सैल होतो. ६५०० चे आठवड्याला साधारण १६०० पडतात. पहिल्या आठवड्यात डाळी, शेंगदाणे, तेल घ्यायचं, दुसऱ्यात ज्वारी, मग चहा-साखर-मसाला, आणि भाजी-दुधाचे दर आठवड्याला वेगळ्या पाकिटात काढून ठेवायचे. दुकानदाराला दर पगाराला २०० द्या आणि त्याला स्पष्ट सांगा की आता वहीत नवीन काही लिहायचं नाही, चौदा आठवड्यात २८०० फिटतात. पहिला महिना फार जड जाईल, कारण जुनं पण देणार आणि नवीन पण रोखीने घेणार. तेव्हा काज-बटणाचे जास्तीचे पैसे आले तर ते तिकडे टाका. उधारीवर घेताना आपण भाव विचारत नाही, वजन बघत नाही, पुड्या घेतो, पाव किलो साखर, पन्नासचं तेल, आणि पुडी नेहमी महाग पडते. रोख पैसे हातात असले की दुसऱ्या दुकानातपण जाता येतं, याच्यात खरी बचत आहे. मालकांना पण हे सगळं आकड्यासकट सांगा, त्यांना घरात डाळ किती लागते हे माहीतच नसेल.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. दीड-दोन भाकरी, भाताची वाटी लहान, डाळ आणि पालेभाजी जास्त. गूळ चालतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार, शुगरला गूळ पण साखरच आहे. गोळ्या चालू असताना उपास करू देऊ नका, करायचाच म्हणल्या तर डॉक्टरांना विचारून.

आणि नणंदबाई येतायत त्याची धास्ती तुम्ही घेतलीय, पण गड्डा नेमका वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसात येतो हो. संक्रांतीच्या सुमाराला वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, कांद्याची पात सगळं मंडईत ढिगाने असतं. त्याच दिवसात भोगीपण असते, त्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर खिचडी, याच्यापुढे पाहुण्यांना कुठलं पनीर वाढायचं? एक दिवस शेंगोळे, एक दिवस आप्पे. जत्रेत पोरं खायला मागणार, तिथे दहा-वीसचा प्रश्न नसतो, पाच पोरा-माणसांचे शंभर-दोनशे सहज जातात, म्हणून घरून पोटभर जेवूनच मैदानावर जायचं आणि पाळण्याचे पैसे आधी वेगळे काढून ठेवायचे. त्याआधी दोन दिवस शेंगापोळ्या करून ठेवा, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, गूळ, थोडी वेलची, पीठ जरा घट्ट मळा म्हणजे लाटताना फुटत नाही. कोरड्या डब्यात आठवडाभर आरामात टिकतात, पोरांना जत्रेत फिरताना हातात देता येतात, आणि जाताना नणंदेच्या डब्यात चार बांधून द्यायला पण होतात.